दाखल नोंदवहीपासून मदतखिडकीपर्यंत : वाचनालयाचं संगणकीकरण कसं करावं

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाने पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत नेण्याची सुरुवातही याच शहरातून झाली. अशा जिल्ह्यात संगणकासाठी देणगीदार मिळणं फारसं अवघड नाही. काम अडतं ते पुढे, त्या संगणकात भरायच्या माहितीपाशी. दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन ज्या वहीत चढवतात तिच्यात, जे चुकलेलं आहे ते संगणकात अधिक वेगाने चुकतं, आणि खिडकीशी उभ्या असलेल्या वाचकाला ‘पुस्तक सिस्टिमला दाखवतंय, पण कपाटात नाही’ असं ऐकावं लागतं. म्हणून इथे सांगितलेला क्रम मोडू नये. साधारण १२,००० पुस्तकं, दोन कर्मचारी आणि एखाद-दुसरा स्वयंसेवक असलेलं वाचनालय डोळ्यांपुढे ठेवून सगळे आकडे दिले आहेत.

आधी मोजदाद, मग संगणक

पहिल्या महिन्यात संगणकाला हात लावू नका. दाखल नोंदवही टेबलावर घ्या. एकाने कपाटातल्या पुस्तकावरचा दाखल क्रमांक मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नोंदवहीत त्या क्रमांकापुढे पेन्सिलीने खूण करायची. खुणा चारच ठेवा : कपाटात आहे, सभासदाकडे आहे, बांधणीला गेलं आहे, सापडत नाही. शाई वापरू नका. ‘सापडत नाही’मधली पुस्तकं पुढच्या दोन महिन्यांत चुकीच्या कपाटातून, संचालकांच्या टेबलावरून, शाळेच्या पेटीतून बाहेर येत राहतात.

या कामात दोन गोष्टी नक्की सापडतात. पहिली, क्रमांक नसलेली पुस्तकं. देणगीत आलेली आणि कुणीतरी थेट कपाटात लावून टाकलेली. त्यांना नोंदवहीच्या शेवटच्या क्रमांकापुढचा नवा क्रमांक द्या. मधे रिकामा दिसणारा किंवा बाद झालेल्या पुस्तकाचा क्रमांक पुन्हा वापरू नका. जुन्या कार्डावर तो कुठेतरी असतोच आणि दोन पुस्तकं एकाच क्रमांकावर चढतात. दुसरी, एकच क्रमांक असलेली दोन-तीन पुस्तकं. मराठी, इंग्रजी आणि बालविभाग यांच्या नोंदवह्या वेगवेगळ्या ठेवलेल्या असतील तर ५१२ क्रमांक प्रत्येकीत असतो. कागदावर हे चालून जातं, संगणकात प्रत्येक प्रतीचा क्रमांक एकमेव लागतो. उपाय सोपा आहे : नोंदवहीला एक अंक द्या आणि त्यापुढे दाखल क्रमांक शून्यं लावून सहा आकडी करा. मराठीला १, हिंदीला २, इंग्रजीला ३, बालविभागाला ४. मराठीतलं ५१२ झालं १०००५१२ आणि बालविभागातलं झालं ४०००५१२. सुरुवातीचा अंक शून्य नसल्यामुळे आणखी एक त्रास टळतो : एक्सेल ०००५१२ असा क्रमांक गुपचूप ५१२ करून टाकतं.

दिवाळी अंकांसाठी ९ ही मालिका राखून ठेवा. ते दाखल नोंदवहीत चढवायचे नसतात, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात देवघेवीचा मोठा भार त्यांचाच असतो. त्यांना तात्पुरतं लेबल दिलं नाही तर नेमक्या गर्दीच्या दिवसांत पुन्हा वही काढावी लागते.

फाटकी, वाळवी लागलेली, पानं गळालेली पुस्तकं याच वेळी वेगळी काढा. मात्र ती परस्पर रद्दीत जाऊ देऊ नका. यादी करायची, कार्यकारी मंडळात निर्लेखनाचा, म्हणजे पुस्तकं बाद करण्याचा ठराव घ्यायचा आणि नोंदवहीत त्या ओळीसमोर लाल शाईने ठराव क्रमांक व तारीख लिहायची. तपासणीच्या वेळी पहिला प्रश्न याच ओळींवर येतो.

कोणतं सॉफ्टवेअर, कोणतं यंत्र

‘कोहा’ घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे. न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी ते तयार झालं आणि २००० सालापासून वापरात आहे. ते मुक्त स्रोत आहे, परवाना शुल्क नाही, मराठी युनिकोड चालतं. मुख्य म्हणजे उद्या बसवून देणारा माणूस बदलला तरी माहिती आपल्याच हातात राहते. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं ‘ई-ग्रंथालय’ शासकीय ग्रंथालयांना सोयीचं पडतं. एखाद्या ओळखीच्या मुलाने बनवून दिलेल्या खास प्रोग्रॅमच्या नादी मात्र लागू नका. तो मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला की त्या माहितीचं कुलूप उघडायला कुणी उरत नाही.

१२,००० पुस्तकांसाठी ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असलेलं साधं यंत्र सर्व्हर म्हणून पुरतं. त्यावर डेबियन किंवा उबुंटू ही मोफत लिनक्स प्रणाली बसवायची. देवघेवीच्या टेबलावरच्या संगणकाला फक्त ब्राउझर लागतो, त्यामुळे जुनं यंत्रही चालतं. दोन्हींना यूपीएस हवाच. इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस टाळू नका. वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात यंत्र बंद पडू शकतं आणि माहिती बिघडू शकते.

मराठी नोंदी : इथेच सगळं ठरतं

नोंदी थेट कोहात न करता आधी एक्सेलसारख्या तक्त्यात करा. रकाने इतकेच : क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठं, किंमत, कपाट, प्रकार, आयएसबीएन असेल तर तो. क्रमांकाचा आणि आयएसबीएनचा रकाना सुरुवातीलाच ‘टेक्स्ट’ करून ठेवा. एका माणसाच्या दिवसाला ६० नोंदी धरल्या तर दोघांच्या १२० होतात, म्हणजे १०० कामाचे दिवस. घाई करून हा आकडा दुप्पट केला की चुकाही वाढतात आणि त्या निस्तरायला तेवढेच दिवस पुन्हा जातात.

टंकन युनिकोडमध्येच हवं. युनिकोडपूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. ती रूपांतर करून घेता येते. फक्त रूपांतरानंतर रफार आणि पहिली वेलांटी एकत्र येणारे शब्द डोळ्यांखालून घाला. ‘मूर्तिकार’सारख्या शब्दात रफार शेजारच्या अक्षरावर सरकलेला सापडतो.

युनिकोडमध्येही एक बारीक खाच आहे, आणि ती डोळ्याला दिसत नाही. ‘ॲड.’मधला ॲ हे एकच अक्षर म्हणूनही टाइप होतं आणि अ वर चंद्र देऊनही टाइप होतं. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. ‘ऑ’चीही तीच गत : काही कीबोर्डांवर आ वर चंद्र चढवला जातो. ‘दुसऱ्या’ हा शब्द तर तीन तऱ्हांनी येतो. कुणी नुक्त्याचा ऱ घेऊन, कुणी र, हलन्त आणि मधे न दिसणारा जोडक घालून, आणि कुणी चुकून रफार देऊन ‘दुसर्या’. एका कर्मचाऱ्याने फोनवर आणि दुसऱ्याने संगणकाच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप केलं की एकाच लेखकाची पुस्तकं दोन ठिकाणी विभागली जातात. दोघांनी एकच कीबोर्ड ठरवावा. शिवाय दर आठवड्याला तक्त्यात ‘शोधा आणि बदला’ वापरून ही रूपं एकसारखी करावीत. न दिसणारं अक्षर शोधायचं असेल तर तो चुकीचा जोड एका शब्दातून उचलून शोधपेटीत चिकटवायचा.

लेखकाचं नाव आडनावापासून : ‘शिरवाडकर, वि. वा.’ आद्याक्षरांनंतर टिंब आणि एक जागा, प्रत्येक वेळी तशीच. आता टोपणनावांचा प्रश्न, आणि नाशिकमध्ये तो पहिल्याच कपाटात येतो. कविता कुसुमाग्रजांच्या नावावर, नाटकं वि. वा. शिरवाडकरांच्या. पुस्तकावर जे नाव छापलं आहे तेच मुख्य नोंदीत ठेवा आणि दुसरं नाव जोडनोंद म्हणून टॅग ७०० मध्ये द्या (टॅग म्हणजे ग्रंथनोंदीतल्या रकान्याचा ठरलेला क्रमांक). म्हणजे कोणत्याही नावाने शोधलं तरी दोन्ही प्रकारची पुस्तकं समोर येतात. केशवसुत, बालकवी, गोविंदाग्रज यांनाही हाच नियम. अशा नावांची एक पानभर यादी भिंतीवर लावली की स्वयंसेवकाला दरवेळी विचारायला यावं लागत नाही.

शीर्षकाचं रोमन रूप टॅग २४६ मध्ये जरूर द्या. शास्त्रशुद्ध लिप्यंतर नको, लोक फोनवर जसं टाइप करतात तसं. तरुण वाचक मराठी पुस्तक रोमन अक्षरांत शोधतो आणि यादी कोरी दिसली की पुस्तक नाही असं समजून निघून जातो.

वर्गीकरण बदलण्याचा मोह या काळात टाळा. ड्युईच्या दशांश वर्गीकरणानुसार मराठी कादंबरी ८९१.४६३. हा क्रमांक तुमच्या अर्ध्या वाचनालयावर येईल, आणि वाचकाला सवय असते ‘कादंबरी, कपाट ७’ची. कपाटाचा क्रमांक आणि लेखकाच्या आडनावाची पहिली दोन अक्षरं एवढी खूण पुरते.

तक्ता कोहात चढवण्यासाठी तो ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असाच जतन करा. साधा सीएसव्ही केला तर सगळ्या मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. मग तक्त्याच्या ग्रंथनोंदी करून देणाऱ्या ‘मार्कएडिट’ या प्रोग्रॅममधून रूपांतर : शीर्षक टॅग २४५, लेखक १००, प्रकाशक आणि वर्ष २६०, पृष्ठं ३००, साहित्यप्रकार ९४२ आणि प्रतीची माहिती ९५२. टॅग ९५२ मध्ये ग्रंथालयाचा संकेत, बारकोड, कपाटखूण आणि प्रकार हे उपघटक भरायचे राहून गेले तर पुस्तकाची नोंद दिसते, पण त्याखाली प्रत दिसत नाही, आणि मग देवघेव होत नाही. पहिल्यांदा ५० च नोंदी चढवा आणि तपासा. कोहात आयात मागे घेता येते, तरीही १२,००० नोंदींवर ती वेळ येऊ देऊ नये.

बसवून देणाऱ्याला एक प्रश्न आवर्जून विचारा : ‘झेब्राला आयसीयू लावलंय का?’ झेब्रा हा कोहातला शोध घेणारा भाग. त्याच्या मूळ मांडणीतला अक्षरतक्ता देवनागरीला पुरत नाही. आयसीयू ही सगळ्या लिप्या हाताळणारी सोय लावून अनुक्रमणी (शोधासाठीची सूची) नव्याने केली नाही तर नोंद असूनही मराठी शोध रिकामा येतो.

लेबलं आणि स्कॅनर

प्रत्येक पुस्तकाला त्याच्या क्रमांकाच्या बारकोडची दोन लेबलं : एक शीर्षकपानाच्या मागे, एक मलपृष्ठावर आतल्या बाजूने. १२,००० पुस्तकांना २४,०००, त्यावर दहा टक्के जादा धरून २६,४००. ५० बाय २५ मिलिमीटरचं लेबल आणि रोलला २,००० असतील तर १४ रोल. छपाई रिबन वापरणाऱ्या थर्मल ट्रान्स्फर पद्धतीची घ्या. रिबनशिवायचं लेबल स्वस्त पडतं, पण कुरिअरच्या पावतीसारखं वर्ष-दोन वर्षांत फिकं होतं. पावसाळ्यात दमट झालेल्या पुठ्ठ्यावर लेबल धरत नाही. कोरड्या फडक्याने पुसून, चिकटवून, अंगठ्याने मधून कडेला दाबत न्यायचं. कोपरे दाबायचे राहिले की तिथूनच सुटतं.

स्कॅनर टूडी इमेजर घ्या. साधा लेसर स्कॅनर कागदावरचा बारकोड वाचतो, सभासदाच्या फोनच्या पडद्यावरचा बहुधा वाचत नाही.

एक तक्रार सगळीकडून येते : ‘स्कॅनर बिघडला, काहीतरी भलतंच उमटतंय.’ स्कॅनर बिघडलेला नसतो. तो संगणकाला कीबोर्ड म्हणून जोडलेला असतो आणि कीबोर्ड त्या क्षणी मराठीवर असतो, त्यामुळे बारकोडच्या जागी देवनागरी अंक किंवा अक्षरं येतात. देवघेवीच्या यंत्रावर कीबोर्ड इंग्रजीवरच राहू द्या, मराठी नोंदी दुसऱ्या यंत्रावर करा.

देवघेव सुरू करण्याचा दिवस

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी उद्घाटन करावं असं मंडळाला वाटतं. भावना योग्यच आहे. पण पुढे महिन्याभरात ३१ मार्च येतो, हिशेब आणि वार्षिक अहवालाची कामं अंगावर असतात. मोजदाद आणि नोंदी आधीच पुऱ्या झाल्या असतील तरच ती तारीख धरा, नाहीतर मे-जून बरा.

सगळ्या पुस्तकांना लेबलं लागेपर्यंत थांबायची गरज नाही. नियम एकच : लेबलाशिवाय पुस्तक खिडकीबाहेर जाणार नाही. परत आलेल्या पुस्तकाची नोंद तिथल्या तिथे करून लेबल लावायचं, मगच ते कपाटात. वाचली जाणारी पुस्तकं यामुळे आपोआप आधी संगणकात येतात. वही आणि संगणक दोन्ही समांतर चालवा, पण १५ दिवसच. त्याहून लांबलं की गर्दीच्या वेळी कर्मचारी वहीत लिहितो, संगणकातलं राहून जातं आणि दोघांचा मेळ कधीच बसत नाही.

सभासदांना मुदतीची आठवण एसएमएसने द्यायची तर संस्थेची डीएलटी नोंदणी (एसएमएस पाठवणाऱ्या संस्थांची दूरसंचार कंपन्यांकडची नोंद) आणि मजकुराची मान्यता लागते. शिवाय मराठी एसएमएसला ७० अक्षरांची मर्यादा आहे, रोमन संदेशाला १६०. छोट्या वाचनालयाला ईमेल आणि व्हॉट्सॲप पुरे.

प्रती राखून ठेवणं

कोहा दररोज आपल्या माहितीची प्रत आपोआप काढतं, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हे काम रात्री-पहाटे ठरलेलं असतं. वाचनालय बंद करताना सर्व्हरही बंद केला तर ते होत नाही, म्हणून ‘ॲनाक्रॉन’ बसवून घ्या, म्हणजे यंत्र सुरू झाल्यावर राहिलेलं काम पुरं होतं. दुसरं, मूळ मांडणीत फक्त शेवटच्या दोन दिवसांच्या प्रती राहतात आणि त्याही त्याच यंत्रात. रोजची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि दर शनिवारी एक प्रत इमारतीबाहेर, ग्रंथपालांच्या किंवा चिटणीसांच्या घरी जाऊ द्या. त्यात सभासदांचे पत्ते आणि फोन असतात, तेव्हा पासवर्ड हवाच. तीन महिन्यांतून एकदा ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा.

गोदाकाठच्या वाचनालयांनी सर्व्हर तळमजल्यावर ठेवूच नये. २००८, २०१६ आणि २०१९ या तिन्ही पुरांत काठाजवळच्या पेठांत पाणी शिरलं. गोदावरीच्या पात्रातल्या, पुराची पातळी दाखवणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याची बातमी आली की दाखल नोंदवह्या आणि सर्व्हर वरच्या मजल्यावर हलवायचे, हे काम कुणाचं ते जून लागण्यापूर्वीच नावानिशी ठरवून ठेवा.

मदतखिडकी

देवघेव सुरळीत झाली की एक संगणक आणि एक प्रिंटर लोकांसाठी मोकळा करा. सातपूर-अंबडच्या कामगाराला पाळी सुटल्यावर येता येईल आणि दिंडोरी-निफाडहून आलेल्याला परतीची बस मिळेल अशी वेळ ठेवा. दिवसाचे दोन तास, पण रोज, हे आठवड्यातून एकदाच्या पूर्ण दिवसापेक्षा उपयोगी पडतं.

सर्वाधिक गर्दी नोव्हेंबरात, निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी. येताना आधार क्रमांक, त्याला जोडलेला मोबाइल, पीपीओ (निवृत्तिवेतन आदेश) क्रमांक आणि बँकेचं पासबुक आणायला सांगणारी सूचना दिवाळीआधीच फळ्यावर लावा. फोनवर ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन ॲप लागतात. आधी मदतनीसाने स्वतःची ओळख पटवायची, मग आजी-आजोबांची माहिती भरायची. इथे घाई नको. निवृत्तिवेतन मंजूर करणारं आणि देणारं कार्यालय यादीतून निवडताना चूक झाली तर दाखला भलतीकडे जातो आणि वेतन थांबल्यावरच ते कळतं. पासबुकावर वेतन कुणाकडून जमा होतं ती ओळ बघून निवडा. पुनर्नियुक्ती आणि पुनर्विवाहाचे प्रश्न मोठ्याने वाचून विचारा, अंदाजाने खूण करू नका.

चेहरा टिपताना माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवा. पाठीमागे उजेड असला की ॲप नाकारतं. चष्मा काढायचा, मागे साधी भिंत हवी. पापणी मिटून उघडायला ॲप सांगतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना ते चटकन जमत नाही, म्हणून आधी दोनदा सराव करून घ्या. बोटांचे ठसे झिजलेल्या शेतमजुरांसाठी चेहऱ्याची ही सोय फार मोलाची आहे. शेवटी प्रमाण क्रमांक आला की तो कागदावर लिहून हातात द्या आणि आठवडाभराने दाखला स्वीकारला गेला का ते पुन्हा बघा.

एरवी डिजिटल सहीचा सातबारा (प्रतीमागे १५ रुपये), डिजीलॉकर, प्रवेशपरीक्षांचे अर्ज अशी कामं येतात. ई-आधारची पीडीएफ उघडेना, हे गाऱ्हाणं नेहमीचं. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं, इंग्रजी कॅपिटलमध्ये, आणि जन्मवर्ष. पासवर्ड इतका सहज ओळखता येण्यासारखा असल्यामुळेच ती फाइल डाउनलोडमध्ये पडून राहता कामा नये. बाहेर पडताच सगळं पुसलं जाईल असं पाहुणा खातं (गेस्ट अकाउंट) यंत्रावर करून द्या. नाव, आत-बाहेरची वेळ आणि यंत्र क्रमांक एवढीच नोंद वहीत ठेवा आणि ती वही वर्षभर जपा. आधारच्या झेरॉक्स ठेवून घेऊ नका.

ओटीपी आणि पासवर्ड ज्याचा त्यानेच टाइप करायचा, कितीही वेळ लागो. मदतनीसाने तो ऐकायचाही नाही. फसवणूक झालेला माणूस आला तर त्याला तिथल्या तिथे १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन लावून द्या. पहिल्या तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

स्कॅनिंग आणि अंध वाचक

दुर्मीळ पुस्तकं स्कॅन करण्याआधी लेखकाचं मृत्युवर्ष बघा. आपल्या कायद्यात ते वर्ष संपल्यापासून ६० वर्षं स्वामित्व हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन मोकळं आहे. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांचं २०५९ अखेरपर्यंत नाही. ३०० डीपीआय पुरतं. ए-फोर आकाराचं रंगीत पान असंपीडित २६ एमबीच्या आसपास होतं, तेव्हा २०० पानांना ५ जीबीहून अधिक जागा धरा.

दृष्टिहीन वाचकांसाठी कायद्यात वेगळी सवलत आहे, त्यांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक करून देता येतं. एका यंत्रावर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा, मोफत मिळणारा ‘एनव्हीडीए’ स्क्रीन रीडर बसवा, मराठी आवाज निवडा, हेडफोन ठेवा आणि अंध वाचकांसाठीच्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयाचं सभासदत्व घेऊन द्या. मग मॉनिटर बंद करून, फक्त कानाने ऐकत, तुमच्याच सूचीतून एक पुस्तक शोधून बघा. नोंदी युनिकोडमध्ये असतील तर शीर्षक स्वच्छ ऐकू येतं. जुन्या फॉन्टमधली एखादी यादी तशीच चढली असेल तर तिथे इंग्रजी अक्षरांचा गलबला ऐकू येईल. ते क्रमांक टिपून घ्या आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त करा.